वेगाची सूत्रे कोणाच्या हाती? : फीड आणि त्वरण यांच्या जुळवणीचा इतिहास, नीरा खोऱ्यातून पाहिलेला

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास लिहिताना यंत्र कोणी शोधले, कोठे बनले आणि किती विकले गेले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. यंत्र किती वेगाने चालवावे हे कोणी ठरविले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक कारखान्यातील सत्तेचा मोठा भाग या एकाच प्रश्नात साठलेला आहे. लेथवर काम करणारा टर्नर ज्या क्षणी हत्याराला फीड देतो, त्या क्षणी तो कारखान्याचे उत्पादन, हत्याराचे आयुष्य आणि स्वतःच्या दिवसाची लांबी या तिन्ही गोष्टी ठरवीत असतो. हा निर्णय त्याच्या हातून कसा गेला, कागदावर आणि पुढे फितीवर कसा उतरला, आणि गेल्या दीड दशकात टेबलावर मावणाऱ्या लहान सीएनसी यंत्रांच्या निमित्ताने तो पुन्हा यंत्रापाशी बसलेल्या माणसाकडे कसा आला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

या शोधासाठी पणदरे परिसराची निवड काहीशी अनपेक्षित वाटेल. पणदरे हे बारामती-नीरा रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील बागायती गाव. ऊस, गूळ आणि साखर ही या भागाची ओळख. परंतु साखर हा शेतीइतकाच यंत्राचा धंदा आहे, हे या भागात राहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. याच खोऱ्यात पूर्वेकडे, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर आहे, आणि याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ आहे. यंत्राच्या वेगाचा जो जागतिक इतिहास आपण पुस्तकांतून वाचतो, त्याचे दोन महत्त्वाचे टप्पे या दोन ठिकाणी आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

उसाचा पट्टा आणि मंद गतीचे मोल

फीड म्हणजे काय, हे उसाच्या चरकावरून जितके सहज समजते तितके लेथवरून समजत नाही. बैल जुंपलेल्या चरकात मोळी किती जाड सारावी, हे सारणाऱ्याच्या अंदाजावर असे. जास्त कांडी एकदम घातली तर बैल अडतात, कमी घातली तर लाटांमधून रस पूर्ण निघत नाही आणि वेळही जातो. चरकाला तेलाचे इंजिन आणि पट्टा जोडला गेला तेव्हा बैलांची दमछाक हा वेगावरचा नैसर्गिक लगाम गेला. पट्टा घसरू लागला की इंजिनावर भार वाढल्याचे कळे. साखर कारखान्यात हाच प्रश्न अवाढव्य रूप धारण करतो. वाफेची टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, तर उसाचा रस काढणाऱ्या लाटा मिनिटाला मोजक्याच फेऱ्या घेतात. या दोन टोकांच्या मध्ये दंतचक्रांची मालिका असते. वेग कमी करणे हेच येथे मोठ्या कौशल्याचे काम असते, ही बाब वेगाच्या कौतुकात आपण सहसा विसरतो.

ही दंतचक्रे कापणारे उद्योग याच खोऱ्यात उभे राहिले. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला, त्यातून 1930 च्या दशकात वालचंदनगर आकारास आले. पुढे 1950 च्या दशकापासून तेथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनू लागली. मोठे गिअर, सिमेंट कारखान्यांची यंत्रे आणि कालांतराने भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची मोटर-आवरणे येथपर्यंत ही वाटचाल झाली. उसाच्या शेतात उभ्या राहिलेल्या कारखान्याने अग्निबाणाचे आवरण बनवावे, याचे आश्चर्य वाटते खरे. पण पोलादाच्या मोठ्या वर्तुळाकार भागावर संथ, एकसारखा आणि न थरथरणारा कट मारता येणे हे कौशल्य दोन्ही कामांत मूलतः एकच आहे.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण याच्याशी जोडून पाहता येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवीत असत. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे यांचे उत्पादन तेथे वाढले. 1941 साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना झाली आणि लेथ बनविणारा देशी कारखाना उभा राहिला. तो पुढे बंद पडला, परंतु त्याचे लेथ महाराष्ट्रातील असंख्य वर्कशॉपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिले. 1953 साली केंद्र सरकारने बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना केली. हा सारा इतिहास उत्पादकांचा आहे आणि तो बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. त्या लेथवर उभे राहून फीड कोणी, कसा ठरविला, याची नोंद मात्र जवळजवळ नाही. टर्नरचे ज्ञान तोंडी होते. चिप निळी पडली की वेग जास्त, हत्यार किंचाळू लागले की जॉब किंवा टूल थरथरते आहे, चिप लांब सुटून गुंडाळत असेल तर फीड थोडा वाढवावा, असे संकेत उस्तादाकडून शागिर्दाकडे जात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नरच्या अभ्यासक्रमात कर्तनवेगाचे सूत्र शिकविले जाते; 50 मिलिमीटर व्यासाच्या मऊ पोलादाला हायस्पीड स्टीलच्या हत्याराने मिनिटाला 25 मीटर कर्तनवेग धरला तर स्पिंडलचे सुमारे 159 फेरे येतात. पण टप्प्याच्या पुलीच्या लेथवर 159 हा आकडा मिळतच नाही. जवळचा एखादा टप्पा घ्यावा लागतो, आणि कोणता घ्यावा हे पुन्हा कानच सांगतो.

टेलरचे बारा घटक

या कानावरचा विश्वास जाणीवपूर्वक मोडून काढण्याचे काम फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी केले. फिलाडेल्फियाजवळच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात 1880 साली त्यांनी धातुकर्तनाचे प्रयोग आरंभिले आणि सुमारे 26 वर्षे ते निरनिराळ्या ठिकाणी चालू ठेवले. डिसेंबर 1906 मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी धातुकर्तनाच्या कलेवरील आपला प्रदीर्घ निबंध वाचला. या प्रयोगांत आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे 360 टनांच्या आसपास लोखंड-पोलादाची चिप झाली. कापल्या जाणाऱ्या चिपवर पाण्याचा जोरदार प्रवाह सोडला तर वेग 40 टक्क्यांपर्यंत वाढविता येतो, हा त्यातील एक साधा पण मोलाचा शोध. मॉन्सेल व्हाइट यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून हायस्पीड स्टील आले, ज्याने 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्रशाळांच्या मालकांना चकित केले.

टेलर यांच्या मते लेथचा योग्य वेग बारा घटकांवर अवलंबून असतो. कापावयाच्या धातूची प्रत, जॉबचा व्यास, कटाची खोली, चिपची जाडी, जॉब व हत्यार यांची लवचिकता, हत्याराच्या धारेचा आकार, त्याचे रसायन आणि पाणी देण्याची रीत, थंड करणारा प्रवाह, धार न लावता हत्यार किती वेळ टिकावे, चिपचा दाब, लेथवर मिळणारे वेगाचे टप्पे आणि लेथची खेचण्याची ताकद, हे ते घटक. बारा घटकांचे हे गणित कोणताही कारागीर, कितीही अनुभवी असला तरी, मनात सोडवू शकत नाही, असे टेलर यांचे प्रतिपादन होते. त्यांचे सहकारी कार्ल बार्थ यांनी त्यासाठी खास सरकपट्ट्या तयार केल्या. सरकपट्टी कार्यालयात राहिली, उत्तर सूचनापत्रकावर लिहिले गेले आणि पत्रक टर्नरच्या हाती आले. गणित बरोबर होते. त्या गणिताबरोबर निर्णयही कार्यालयात गेला. टेलरवरची टीका बहुधा घड्याळ लावून कामगाराच्या हालचाली मोजण्यापुरती होते. प्रस्तुत लेखकास वाटते की बार्थची सरकपट्टी हे घड्याळापेक्षा अधिक खोल परिणाम करणारे साधन होते.

या बारा घटकांची यादी पुन्हा वाचली असता एक उणीव जाणवते, आणि या निबंधाचा कणा तीच आहे. त्या यादीत त्वरण नाही. ही टेलर यांची चूक नव्हे. लेथवर हत्यार सरळ रेषेत, एकसारख्या फीडने जाते. ते एकदा चालू झाले की कटाच्या अखेरीपर्यंत त्याचा वेग बदलत नाही. सुरुवात आणि शेवट यांना लागणारा वेळ एकूण कटाच्या मानाने नगण्य असतो. त्वरणाचा प्रश्न उद्भवतो तो हत्याराने वळण घ्यावयाचे असते तेव्हा.

वळणाचा प्रश्न

वळण आले ते हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथील जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात पात्यांच्या आकाराचे साचे बनत. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी हिशोब करणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने त्या वक्र रेषेवरील असंख्य बिंदूंचे आकडे काढले. एकाने आकडे वाचून दाखवायचे आणि यंत्रावरील कारागिरांनी त्या त्या अक्षाचे चाक तेवढे फिरवायचे, अशी पद्धत सुरू झाली. चाके फिरविण्याचे काम मोटरींनी करावे, या कल्पनेला 1949 साली अमेरिकी हवाई दलाचे कंत्राट मिळाले आणि काम मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेले. 1952 साली त्या प्रयोगशाळेने छिद्रित फितीवरील आकड्यांनी चालणारे, तीन अक्षांचे मिलिंग यंत्र दाखविले. ते सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल यंत्रात बदल करून बनविलेले होते.

येथे यंत्रशास्त्राचा एक साधा नियम निर्णायक ठरतो. जड टेबल हलविण्यासाठी बल लागते आणि ते टेबलाच्या वस्तुमानाच्या व त्वरणाच्या गुणाकाराइतके असते. कोपऱ्यावर एका अक्षाला थांबावयाचे आणि दुसऱ्याला निघावयाचे असते. त्वरण फार मोठे मागितले तर मोटर ते देऊ शकत नाही, हत्यार कोपऱ्याबाहेर जाते किंवा कोपरा गोल होतो. त्वरण लहान ठेवले तर कोपऱ्याच्या आधीपासूनच फीड घटवावा लागतो. म्हणजे फीड हा आता माणसाने एकदा ठरविण्याचा आकडा राहिला नाही. तो वाटेतील प्रत्येक बिंदूवर बदलणारी राशी झाला. टर्नरचा कान एका स्थिर वेगासाठी तयार झालेला होता. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या वेगाबाबत तो काही सांगण्यापूर्वीच हत्यार पुढे गेलेले असे.

फीत कोणी भरावी?

त्याच सुमारास, 1946-47 मध्ये, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने वेगळा मार्ग चाचपून पाहिला होता. कुशल कारागिराने पहिला जॉब स्वतःच्या हाताने कापावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवाव्यात आणि नंतर यंत्राने त्या हुबेहूब पुन्हा कराव्यात, अशी ती पद्धत होती. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की, ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या निकामी नव्हती. कारागिराचे कौशल्य तिच्यात शिल्लक राहत होते म्हणूनच ती मागे टाकली गेली आणि कार्यालयात बसून फीत भरण्याची आकडेवारीची पद्धत पुढे आली.

नोबल यांचा युक्तिवाद प्रभावी आहे, पण तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पाच अक्षांवर एकाच वेळी वळणारा पृष्ठभाग पहिल्यांदा हाताने कापून दाखविणे कोणत्याही कारागिरास शक्य नव्हते. जे हाताने होत नाही त्याची नोंद फितीवर कशी करणार? हवाई दलाला तसेच पृष्ठभाग हवे होते. मात्र साध्या जॉबच्या बाबतीत नोबल यांचे म्हणणे टिकते. दुसरा आक्षेप आपल्याकडच्या परिस्थितीतून येतो. नोबल यांच्या कथेत एकीकडे व्यवस्थापन आणि दुसरीकडे संघटित कारागीर आहेत. बारामती औद्योगिक क्षेत्रातील किंवा तालुक्याच्या कोणत्याही गावातील लहान वर्कशॉपमध्ये ही विभागणी फारशी दिसत नाही. तेथे मालक स्वतः लेथवर उभा असतो, तोच दर ठरवितो, तोच हत्याराला धार लावतो आणि सायंकाळी तोच उधारी वसूल करावयास निघतो. अशा माणसाकडून निर्णय हिरावून घेणारा कोणी नसतो. त्याला निर्णय घेण्याचे साधन मात्र परवडत नाही. संख्यानियंत्रित यंत्र त्याच्यापासून दूर राहिले ते किमतीमुळे, धोरणामुळे नव्हे.

पाबळ

हे अंतर कमी होण्याची आपल्या जिल्ह्यातील सुरुवात पाबळ येथे झाली. डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे, हे त्यांच्या शिक्षणविचाराचे सूत्र होते. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम यांतून विज्ञान शिकावे आणि गावाला त्या सेवा द्याव्यात, अशी त्यांची मांडणी होती. 2002 साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळ येथे फॅब लॅब उभी राहिली. त्या संस्थेच्या बाहेर स्थापन झालेल्या जगातील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. कलबाग 2003 साली निवर्तले.

ज्या संस्थेत अर्धशतकापूर्वी आकड्यांनी चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखविले गेले, त्याच संस्थेकडून आलेले त्याचे लहान भावंड शिरूर तालुक्यातील अवर्षणप्रवण गावात आले, हा योगायोग लक्षणीय आहे. पाबळला त्यावर काय करावयाचे होते, हे त्याहून लक्षणीय आहे. डिझेल इंजिनाची कार्यक्षमता किंवा दुधाची प्रत तपासणे, असे गावाचे प्रश्न तेथे पुढे आले. त्यासाठी लागणारी सर्किटे तांब्याच्या पातळ थराच्या पाटीवर लहान मिलिंग यंत्राने कोरली जात. या कामात सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीचे हत्यार वापरतात. ते अवघे काही केसांच्या जाडीइतके असते. फीड जरा चुकला की ते मोडते, आणि गावात ते दुकानात मिळत नाही. फीडची किंमत येथे तासाच्या उत्पादनात मोजली जात नसून टपालाने नवे हत्यार येईपर्यंतच्या दिवसांत मोजली जाते.

दहा मिलिमीटरची गोष्ट

अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेने 1990 च्या दशकात विकसित केलेला नियंत्रक खुला केला आणि साध्या संगणकावरून यंत्र चालविणे शक्य झाले. पुढे 2009 साली नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरूड या प्रोग्रामरने ग्रबल नावाचा खुला नियंत्रक लिहिला. 2011 पासून तो प्रामुख्याने सुंगउन जिऑन यांनी वाढविला. काही शे रुपयांत मिळणाऱ्या आर्डुइनो पाटीवर तो चालतो. आज छंद म्हणून घरी बनविलेल्या किंवा महाविद्यालयांच्या प्रकल्पांतून उभ्या राहणाऱ्या लहान सीएनसी यंत्रांत हाच नियंत्रक किंवा त्याचे वंशज मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्रिमितीय मुद्रण यंत्रांतील मार्लिन या आज्ञावलीतही त्याच्या गतिनियोजनाचा वारसा आहे.

या नियंत्रकाच्या मूळ संचात प्रत्येक अक्षाचे त्वरण सेकंदाला सेकंदामागे 10 मिलिमीटर असे भरलेले असते. हा आकडा मुद्दाम लहान ठेवलेला आहे. कोणतेही यंत्र त्यावर अडणार नाही. परंतु त्याचा अर्थ काय होतो हे हिशोब केल्याशिवाय ध्यानात येत नाही. समजा आपण मिनिटाला 3,000 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 50 मिलिमीटर फीड मागितला. दहाच्या त्वरणाने त्या वेगास पोहोचण्यास 5 सेकंद आणि 125 मिलिमीटर अंतर लागते. थांबण्यास तितकेच अंतर हवे. म्हणजे 250 मिलिमीटरहून लहान सरळ रेषेवर मागितलेला फीड कधीच मिळत नाही. तो पडद्यावर तेवढा दिसतो. त्वरण 200 केले तर हेच अंतर 125 वरून 6.25 मिलिमीटरवर येते.

हत्यारावर याचा परिणाम काय होतो, ते लाकडी पाटीवर अक्षरे कोरताना दिसते. अक्षरातील एखादी रेघ 4 मिलिमीटरची आहे, तिच्या दोन्ही टोकांना तीव्र वळण असल्याने हत्याराला जवळजवळ थांबावे लागते असे धरू. दहाच्या त्वरणाने त्या रेघेवर गाठता येणारा सर्वाधिक वेग मिनिटाला सुमारे 380 मिलिमीटर येतो. स्पिंडल मिनिटाला 12,000 फेरे घेत आहे आणि हत्याराला दोन धारा आहेत. मिनिटाला 1,200 मिलिमीटर फीडवर प्रत्येक धार 0.05 मिलिमीटर जाडीची चिप काढील, असे आपण योजले होते. प्रत्यक्षात रेघेच्या मध्यावरसुद्धा ती जाडी 0.016 मिलिमीटरवर येते आणि टोकांशी त्याहूनही घटते. इतक्या पातळ चिपेत धार कापत नाही, घासते. लाकूड काळे पडते, ॲक्रिलिक वितळून हत्याराला चिकटते. नवखा माणस अशा वेळी हत्यार बोथट झाले म्हणतो किंवा स्पिंडलला दोष देतो. टेलर यांच्या यादीतील चिपची जाडी हा घटक येथे त्यांच्या यादीत नसलेल्या त्वरणाच्या ताब्यात गेलेला असतो.

मग त्वरण मोठेच का ठेवू नये? कारण लहान यंत्रावर स्टेपर मोटर असते. ती एका फेऱ्यात 200 पावले टाकते. तिला पल्स मिळाले की ती पाऊल टाकते, पण टाकले की नाही हे परत कळवीत नाही. सर्व्हो मोटरीला स्वतःच्या जागेचे भान असते. स्टेपरच्या साध्या जोडणीत ते नसते. वेग वाढतो तसा तिचा टॉर्क घटतो, कारण गुंडाळीतील प्रवाहाला पुरता चढण्यास वेळ मिळत नाही. मागितलेले त्वरण उरलेल्या टॉर्कच्या पलीकडे गेले की मोटर गुरगुरते आणि पावले चुकते. एका फेऱ्यात 8 मिलिमीटर सरकविणाऱ्या स्क्रूवर ही चूक 0.16 मिलिमीटरच्या पटीत पडते, कारण मोटर घसरते ती चार पूर्ण पावलांच्या टप्प्याने. नियंत्रकाच्या लेखी हत्यार योग्य जागीच असते. उरलेला सर्व जॉब तेवढा सरकून कापला जातो.

जुळवणीची जी रीत या नियंत्रकाच्या माहितीपत्रकात दिली आहे, ती वाचून टेलर अस्वस्थ झाले असते. एका अक्षाचे त्वरण थोडे थोडे वाढवीत न्यावे, यंत्र पुढे-मागे पळवावे, मोटर अडली की तो आकडा टिपावा आणि त्याहून 10 ते 20 टक्के खाली यावे. कमाल वेगासाठीही हीच रीत. येथे बारा घटकांचे गणित नाही आणि सरकपट्टीही नाही. ऐकणे, डायल गेज लावून शून्य परत येते का पाहणे, आणि पुन्हा चालविणे, एवढेच आहे. याचे कारण अज्ञान नव्हे. टेलरची कोष्टके दणकट, बिडाच्या, एकमेकांसारख्या लेथसाठी होती. प्लायवूडची चौकट, हाताने आवळलेले पट्टे, निरनिराळ्या वजनाचे स्पिंडल असलेली दोन घरगुती यंत्रे कधीच सारखी नसतात. शिवाय आडव्या अक्षावर चालणारा आकडा उभ्या अक्षावर चालत नाही, कारण तेथे स्पिंडलचे सारे वजन मोटरीला उचलावे लागते. आणि हवेत पळताना मिळालेला आकडा शिसवाच्या फळीत टिकेलच असे नाही. कोष्टक अशा यंत्राला लागू पडत नाही. त्यामुळे निर्णय कार्यालयात नेता येत नाही. तो यंत्रापाशीच घ्यावा लागतो.

वालचंदनगरच्या जुन्या टर्नरच्या हातात जे होते ते घरगुती यंत्राने परत दिले, असे यावरून म्हणता येईल का? अंशतः म्हणता येईल. टर्नर कट चालू असताना फीड बदलीत असे. येथे आकडा आधी भरावा लागतो आणि कट चालू असताना फार तर टक्केवारीने कमी-अधिक करता येतो. दुसरे असे की, कोपऱ्यावर किती वेगाने वळावे हे ठरविणारे सूत्र नियंत्रकाच्या आत आहे. वापरणारा त्यात एक छोटा आकडा भरतो, मुळात तो 0.01 मिलिमीटर असतो. पण त्या आकड्याचा कोपऱ्यावरील वेगाशी असलेला संबंध बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. आज्ञावली खुली आहे, कोणालाही वाचता येते. परंतु ती वाचण्यास प्रोग्रामिंग आणि इंग्रजी दोन्ही लागतात. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलाला यांपैकी एकही पुरेसे दिलेले नसते. पुण्याहून निघणाऱ्या ‘धातुकाम’सारख्या मासिकाने यंत्रण या विषयावर मराठीत सातत्याने लेखन आणले, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि त्याचा रोख स्वाभाविकपणे उत्पादक कारखान्यांकडे आहे. लहान यंत्राच्या जुळवणीचे मराठी अजून वर्कशॉपमध्ये तोंडीच आहे, आणि त्यात आवाजाला ‘मोटर रडते’ असा सरळ शब्द आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक वेगळी अडचण उभी राहते. टेलर यांनी कागद ठेवले, म्हणून त्यांच्याविषयी आपण लिहू शकतो. वालचंदनगर आणि किर्लोस्करवाडी येथील टर्नरांचे फीड कोणी टिपून ठेवले नाहीत. घरगुती यंत्रात तर आकडा प्रत्यक्ष लिहिलेला असतो. आर्डुइनोच्या स्मृतीत तो वीज गेल्यावरही राहतो. एक लहानशी आज्ञा दिली की तीसेक ओळींची यादी पडद्यावर येते आणि तीत तिन्ही अक्षांचे त्वरण वाचता येते. त्या यादीत आधी कोणता आकडा होता हे नसते. तो कोणी बदलला, कोणत्या दिवशी आणि कोणते हत्यार मोडल्यावर बदलला, हेही नसते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील यंत्रापाशी एक साधी वही ठेवली तर ही उणीव भरून निघू शकते: तारीख, अक्ष, जुना आकडा, नवा आकडा आणि बदलण्याचे कारण, असे पाच रकाने पुरतात. शिसपेन्सिल यंत्रालाच दोरीने बांधलेली बरी.